चौदा नंबरच्या बसचे अकरा कागद

डॉस रोब्लेस, ११ मार्च २०१४

ओफेलिया,

तुझा निळा जाड कोट गॅरेजच्या कपाटात राहिला होता. तो वेगळ्या पार्सलनं पाठवला आहे. खिशात खोकल्याच्या गोळ्यांची पुडी होती, तीही तशीच ठेवली आहे. तुझ्या बहिणीचा पत्ता ट्रिनीनं दिला. आधी देत नव्हती. म्हणाली, ओफेलियाला तुझी पत्रं नकोयत. मी म्हटलं, कोट तरी हवा असेल, ओरेगनात थंडी असते. मग एका चिठोऱ्यावर लिहिला, पण माझ्या हातात न देता फळीवर ठेवून गेली. ड्रायव्हर लोकांचं सध्या माझ्याशी असंच चाललं आहे.

इकडचं धुकं संपलं. बदामांचा फुलोराही गळून गेला. पाऊस यंदा जवळजवळ झालाच नाही, त्यामुळं हवा खाली बसून आहे. शाळेच्या खांबावरचा, हवा किती वाईट ते दाखवणारा झेंडा आठवड्यातून तीन दिवस नारिंगी असतो आणि मुलांना मैदानावर सोडत नाहीत. तुझ्या मार्गावर नवा ड्रायव्हर आला आहे. कालव्याच्या फाट्याला रोज चुकतो, मुलं त्याला रस्ता सांगतात.

सुनावणीचा राग तुझ्या मनात असणार. एकोणीस वर्षं आपण एकाच किटलीतली कॉफी प्यायलो, म्हणून स्पष्टच लिहितो. मला जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर मी दिलं. चौदा नंबरला धुराचा फिल्टर बसवलेला आहे का, असं विचारलं, मी आहे म्हटलं. तपासणी वेळेवर झाली का? झाली म्हटलं. धुक्यात मुलांना रस्त्याच्या कडेला उतरवायचं तू ठरवलंस, आणि शाळामंडळानं तुला काढलं ते त्यासाठी. त्यात माझा हात नव्हता. ती बारीकशी भेग मी दुसऱ्याच दिवशी बुजवली, तेव्हा बसची काळजी करू नकोस.

घरी इदालिना तुझी आठवण काढते.

अमारो

३ एप्रिल

ओफेलिया,

कोट परत आला. पार्सल उघडलेलंसुद्धा नाही. वर तुझ्या अक्षरात 'घ्यायचं नाही' एवढंच. पत्र मात्र परत आलं नाही, म्हणजे ते तू वाचलं असशील, किंवा फाडलं असशील.

ते टपालात टाकल्यावर माझ्या लक्षात आलं की मी भेगेचं लिहून बसलो. सुनावणीत मी भेगेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तू ते वाचताना नक्की तिथं थांबली असशील. तर हो, भेग होती. सायलेन्सरच्या जागी फिल्टरचा जो डबा आहे, त्याच्या जोडावर, मागच्या चाकांच्या पलीकडे. आपत्कालीन दाराचं रबर जुनं झालंय, तिथून धूर आत येत होता. मला हे सतरा जानेवारीला कळलं, म्हणजे मुलीला इस्पितळात नेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

सोळाचा दिवस माझ्या कानातून जात नाही. धुक्यामुळं बसेस दोन तास उशिरा सुटल्या होत्या. मी आणि वेंडेल रेडिओपाशी होतो. तुझा आवाज आला, "चौदा नंबर. यारेत्झीला श्वास घेता येत नाहीये. मागे धूर भरलाय. मी सगळ्यांना खाली उतरवतेय." वेंडेलनं माईक ओढला आणि सांगितलं की कुणालाही उतरवायचं नाही, दहा फुटांवरचं दिसत नाही. वाहतूकप्रमुख म्हणून त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तू म्हणालीस, "बाहेर निदान हवा तरी आहे." नंतर रेडिओवर तू बोलली नाहीस.

एकतीस मुलांना तू चरापलीकडे नेलंस, एकमेकांचे हात धरायला लावलेस, रस्त्यावर लाल मशाली पेटवून ठेवल्यास. एकाही मुलाला खरचटलं नाही. हेही सुनावणीत कुणी बोललं नाही, मीही नाही. नऊ वर्षांच्या मुलीचं इन्हेलर शाळेच्या कचेरीत कुलपात होतं आणि रुग्णवाहिकेला धुक्यातून यायला पंचवीस मिनिटं लागली, ह्यात तुझा काय दोष, असं मी विचारायला हवं होतं.

रस्ते खराब आहेत. असे जोड खराब रस्त्यानं उकलतात. एवढंच सांगायचं होतं.

अमारो

२१ एप्रिल

ओफेलिया,

पाकिटावर 'आत तुझे कागद आहेत' असं लिहिलं आहे, म्हणून तरी तू हे उघडशील.

काल ईस्टर होता. इदालिनानं गोड पाव केला होता, मला घास उतरला नाही. तिनं विचारलं, काय होतंय. मी सांगितलं. तिला सांगितलं ते आता तुला सांगतो. जोड खराब रस्त्यानं उकलला नव्हता. तो माझ्या वेल्डिंगचा जोड होता.

तुला तो डबा मी कधी आतून दाखवला नाही. आत मातीचं भाजलेलं पोळं असतं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, बारीक बारीक भोकांचं. इंजिनाची काजळी त्यात अडकते, आणि डबा पुरेसा तापला की ती काजळी तिथंच जळून जाते. पण तापायला बस पळायला हवी. आपल्या बसेस अर्ध्या मैलावर एकदा थांबतात, धुक्याच्या दिवसांत तर रांगतात. पोळं चोंदतं. मग डबा उतरवून साफ करायला फ्रेस्नोला पाठवायचा, चार दिवस बस उभी. आपल्याकडं जादा बस एकच, तीही धड नाही.

तीन वर्षांपूर्वी फिल्टर आले तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो काढला होता. मुलांच्या छातीत काजळी जाऊ नये म्हणून ते दिले होते. वर्षाच्या आत नऊ नंबर चढावर बंद पडली. मी वेंडेलला म्हटलं, हिला पाठवावं लागेल. तो म्हणाला, "सात वाजता सगळ्या बसेस फाटकाबाहेर पाहिजेत. तू काय करतोस ते मला सांगू नकोस." मी डबा कापला, सळईनं पोळं फोडून बाहेर काढलं, रिकामा डबा परत जोडला, वर रंग मारला. धोक्याचा दिवा लागू नये म्हणून तारेत एक तुकडा घातला. बस नव्यासारखी पळाली. तपासणीवाले बाहेरून डबा बघतात, आत कोण बघतो?

मग सतरा नंबर. मग पाच. अशा सात बसेस. तुझी चौथी.

आता कागदांचं. रोज सकाळी बस काढताना तू तपासणीचा कागद भरून माझ्या हातात द्यायचीस. चार नोव्हेंबरपासून पंधरा जानेवारीपर्यंत अकरा कागदांवर तू धुराचं लिहिलं आहेस. मी खाली 'पाहिलं, ठीक आहे' लिहून सही केली. सुनावणीत तू म्हणालीस की मी अकरा वेळा लेखी दिलंय, आणि फायलीत एकही कागद सापडला नाही. सगळ्यांना वाटलं तू रचून सांगतेस. कागद माझ्या खणात होते, पान्यांच्या खाली. सुनावणीच्या आदल्या दिवशी मीच फायलीतून काढले.

कशासाठी? निवृत्तीला अकरा महिने उरले होते. दुसरं काही कारण सुचलं तर कळवतो.

हे सगळं मी कदाचित गिळूनही टाकलं असतं. पण गेल्या बुधवारी एका बसचं दार अडकलं म्हणून शाळेत गेलो. झेंडा नारिंगी होता. व्हरांड्यात बाकावर यारेत्झी एकटीच पुस्तक घेऊन बसली होती. बाकीची मुलं निदान जिम्नॅशियमच्या आत खेळत होती, तिला तेवढंही चालत नाही. माझ्या कपड्यांवरून तिनं ओळखलं. विचारलं, "मिस ओफेलिया परत कधी येणार?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तर ती पुस्तकात बघतच म्हणाली, "मी आजारी पडले म्हणून त्यांना काढलं. मी पुढं बसले असते तर झालं नसतं."

मी दार दुरुस्त केलं आणि आलो.

अकराही मूळ कागद सोबत आहेत. मी प्रतसुद्धा ठेवलेली नाही. वकिलाकडं ने, वर्तमानपत्राला दे, तुला वाटेल ते कर.

अमारो

९ मे

ओफेलिया,

तुझं पाकीट मिळालं. जाड लागलं तेव्हा क्षणभर वाटलं, तू मोठं पत्र लिहिलंस. आत माझे—तुझे—अकरा कागद आणि चार ओळी. त्या पाठ झाल्या आहेत.

'हे मी एकदा लिहून दिलं होतं, तुझ्याच हातात. पुन्हा सांगणं माझं काम नाही. तू वाच. उभा राहून, मोठ्यानं, त्या मुलीच्या आईसमोर.'

तू मला म्हाताऱ्या म्हणायचीस, तेवढंही ह्यात नाही.

खरं सांगू? कागद पाठवले तेव्हा माझ्या मनात सुटकेची भावना होती. ओझं तुझ्या दारात टाकलं, आता तू बघ. ते तू बरोबर ओळखलंस.

वेंडेलला मी परवा सांगितलं, की वीस तारखेच्या सभेत बोलणार आहे. त्यानं दार लावून घेतलं. ओरडला नाही. म्हणाला, माझी तुला कधीच कुठली लेखी सूचना नव्हती, हे लक्षात ठेव. मग जरा मवाळ होऊन म्हणाला, "सात बसेस एका दिवसात बंद पडतील. चारशे मुलं रस्त्यावर येतील. त्यांचे आईबाप पहाटे शेतावर जातात. तुझं मन हलकं करायला त्यांनी का भोगायचं?" त्याचं हे बोलणं दोन दिवस डोक्यात फिरतंय, कारण पोळं फोडताना मी स्वतःला नेमकं हेच सांगत होतो.

इदालिना म्हणते, बोलायचं तर बोल, पण बोलून झाल्यावर लोकांनी पाठ थोपटावी अशी आशा धरून जाऊ नकोस.

अमारो

२२ मे

ओफेलिया,

वाचलं.

सभा शाळेच्या जेवणघरात होती. शंभरेक माणसं, मुलांच्या ठेंगण्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली. पुढं मंडळाचे पाच जण, बाजूला वेंडेल. यारेत्झीची आई, एऊलालिया मोंतेहानो, तिसऱ्या रांगेत होती, द्राक्षांच्या मळ्यातून थेट आलेली, डोक्याचा रुमालही सोडला नव्हता. स्पॅनिशमध्ये सांगायला ट्रिनी माझ्या शेजारी उभी राहिली. सभेत कुणालाही बोलायला तीनच मिनिटं मिळतात हे तुला माहीत आहे.

मी आधी माझं नाव सांगितलं आणि काय केलं ते सांगितलं. सात बसेसचे नंबर सांगितले. मग कागद वाचायला घेतले. 'चार नोव्हेंबर. मागच्या दोन रांगांत धुराचा वास.' ट्रिनीनं ते स्पॅनिशमध्ये म्हटलं. 'खाली मेकॅनिकचं उत्तर: पाहिलं, ठीक आहे.' तेही तिनं म्हटलं. त्यामुळं माझी प्रत्येक सही खोलीत दोनदा ऐकू आली. 'बारा नोव्हेंबर. वास आहेच. मागची मुलं खोकतात. मी त्यांना पुढं बसवते, पण जागा पुरत नाही.' पाहिलं, ठीक आहे. चौथ्या कागदावर घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली, बाकीचं लेखी द्या.

मी कागद आवरायला लागलो. तुझ्यापासून काय लपवू, मला बरं वाटलं.

तेवढ्यात एऊलालिया उठली. तिचंही नाव बोलणाऱ्यांच्या यादीत होतं. ती म्हणाली, "माझी तीन मिनिटं ह्या माणसाला द्या. ह्यानं सगळे वाचल्याशिवाय मी घरी जाणार नाही." अध्यक्ष नियम बघायला लागले. ती उभीच राहिली. मग तिच्या मागची एक बाई उठली आणि म्हणाली, माझीही घ्या. नंतर आणखी कुणी कुणी उठत गेलं. मी पुढं वाचलं. नववा कागद असा: 'नऊ जानेवारी. शेवटच्या रांगेतल्या यारेत्झी एम.ला दमा आहे. अमारो, कृपा करून डबा उघडून बघ.' तू नियम मोडून माझं नाव घातलं होतंस त्यावर. त्याच्याही खाली माझं उत्तर तेच आहे.

अकरावा संपला तेव्हा टाळ्या नाहीत, शिव्या नाहीत. बाकांचा आवाज.

बाहेर एऊलालियानं मला गाठलं. वेंडेलचं ते वाक्य, चारशे मुलांचं, मी तिला सांगायला लागलो. म्हणजे माझी बाजूच मांडायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही चार दिवस बस नाही म्हणून सांगितलं असतं, तर मी यारेत्झीला चार दिवस शेजारणीच्या गाडीतून पाठवलं असतं. आम्ही काय बसशिवाय जगलो नाही का? तुम्ही विचारलंच नाही." आणि ती गेली. मी एवढी वर्षं जे कारण धरून बसलो होतो, ते तिनं गाडीची किल्ली शोधता शोधता मोडीत काढलं.

यारेत्झीला तिनं कागदांचं सांगितलं का, ते मला विचारायचं होतं. विचारलं नाही. तू त्या पोरीला दोन ओळी लिहिशील का? ते माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी सांगतोय.

अमारो

२९ जून

ओफेलिया,

मंडळाचं पत्र तुला गेलं असं ट्रिनी म्हणाली. तुझ्यावरचा ठपका काढला आणि नोकरी परत देऊ केली. माफी मागितली की नाही ते तिला ठाऊक नाही. मागितली नसेल तर मागायला लाव.

बाकीचं थोडक्यात. मला सभेच्या आठवड्यातच काढलं. सरकारी चौकशी चालू आहे, दोनदा जबाब झाला. वेंडेलबद्दल विचारलं तेव्हा जे घडलं ते सांगितलं, पण लेखी पुरावा नाही, आणि तो तर 'मला काहीच माहीत नव्हतं' म्हणतो. तो दुसऱ्या गावी जातोय म्हणे.

सातही बसेस शाळा संपेपर्यंत बंद होत्या. लोकांनी मुलं आपापल्या गाड्यांतून, ट्रकच्या पुढच्या बाकावरून पोचवली. काहींचे कामाचे दिवस बुडाले, आणि त्याचा राग माझ्यावरच निघाला. धूर सोडला म्हणून नाही, तर सांगितलं म्हणून. एका गोठेवाल्यानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, एवढी वर्षं गप्प होतास तर शाळा संपेपर्यंत अजून तीन आठवडे थांबायला काय झालं होतं? आपल्या चर्चच्या पवित्र आत्म्याच्या सणाला दरवर्षीसारखं मी पंगतीत वाढायला गेलो. सूपचा वाडगा माझ्या हातून कुणी नाकारला नाही, पण जेवायला बसलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. इदालिना पलीकडच्या टेबलावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

नवी मेकॅनिक आली आहे, ग्रेटा व्होथ नावाची, तिशीतली. तिनं घरी येऊन मला गॅरेजात नेलं. सातही बसच्या खाली झोपून मी कुठं कापलं, तार कुठं जोडली, ते एकेक दाखवलं. ती खडूनं खुणा करत होती. एकदाच म्हणाली, तुमचा हात चांगला आहे. मला त्याची फार लाज वाटली. तिनं मंडळाकडून दोन जादा बसेस भाड्यानं मागून घेतल्या आहेत, म्हणजे पाळीपाळीनं एकेक डबा साफ करायला उतरवता येईल. हे मागता येतं, हे मला कधी सुचलंच नाही. मी मागूनच बघितलं नाही.

अमारो

१९ ऑगस्ट

ओफेलिया,

नोकरीवर परत यायची तुझी अट ट्रिनीनं मला सांगितली: मी गॅरेजच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही आणि तुला पत्र लिहायचं नाही. दोन्ही मान्य. हे शेवटचं, आणि तेही एका गोष्टीसाठी.

काल शाळा उघडली. तुझ्या मार्गाचा पहिला थांबा आता आमच्या फाटकासमोर आहे, शेजारच्या दोन पोरी तिथं चढतात. हे तुला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही तू हरकत घेतली नसशील. मी मुद्दाम बाहेर आलो नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं.

तू दहा मिनिटं आधी आलीस. बस रिकामी होती. इंजिन चालूच ठेवलंस, दारं बंद ठेवलीस, आणि जागेवरून उठून सगळ्या रांगा ओलांडत मागं गेलीस. शेवटच्या बाकावर, जिथं ती बसायची तिथं, बसलीस. ग्रेटानं सही केलेला कागद पुढं पाटीला लावलेला असणार. तरी तू बसलीस. मी घड्याळ बघत होतो, सात मिनिटं. पाच मिनिटांच्या वर थांबल्या जागी इंजिन चालवायचं नाही हा नियम तू तेवढ्यासाठी मोडलास, आणि मी कुणालाही सांगणार नाही.

मग तू उठून पुढं आलीस, दार उघडलंस, आणि त्या पोरींना म्हणालीस, "चढा, हवं तिथं बसा."

अमारो